पुटकुळ्यांची सुगी

फेब्रुवारी लागला की नांदेडात दोन गोष्टी बरोबरीनं तापायला लागतात, नदीच्या घाटाच्या पायऱ्या आणि बारावीची लेकरं. माझ्या घरी सध्या त्यातलं एक लेकरू आहे. थोरल्या भावाची मुलगी साक्षी क्लाससाठी माझ्याकडे राहते. काल सकाळी ती आरशासमोर उभी होती आणि तिचा चहा ओट्यावर साय धरत होता. कपाळावर बारीक पुटकुळ्यांची दाटी, हनुवटीवर एक लालबुंद, आणि नाकाच्या शेंड्यावर एक अशी ठसठशीत, की बोलताना माझी नजर सारखी तिथंच जात होती. "आत्या, सिरम चांगलं का जेल?" म्हणत तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि खाली दोघींचे गुणदोष लिहिले होते, स्थळं आल्यावर लिहितात तसे.

मी गुरांची डॉक्टर आहे. गायीम्हशींच्या कातडीला काय काय होतं ते मला पाठ आहे, पण माझे पेशंट आरशात बघत नाहीत. म्हशीच्या अंगावर चट्टा उठला तर ती खांबाला अंग घासते, रवंथ करते आणि निवांत बसते. तिला निरोप समारंभाला साडी नेसून जायचं नसतं. साक्षीला पुढच्या आठवड्यात जायचं आहे. तेव्हा तिला माझ्याकडून लगेच निकाल हवा होता, आणि मी त्या दोन बाटल्यांकडे बघता बघता लातूरच्या एका पत्र्याच्या खोलीत जाऊन बसले होते.

माझी बारावी लातूरला झाली. गाव लातूरजवळचं मुरुड, घरी शेती. आमच्याकडं पोरांना लातूरला शिकायला पाठवतात असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. पोराबरोबर आईलाही पाठवतात. गावाकडं बाप आणि म्हशी एकमेकांचं बघून घेतात, आणि आई गॅसची शेगडी, ज्वारीचं पोतं आणि देव्हाऱ्यातला एखादा देव घेऊन लेकराबरोबर भाड्याच्या एका खोलीत दोन वर्षं मुक्कामाला येते. आमच्या गल्लीत दर दाराआड अशी एक आई होती. लेकरं क्लासला गेली की त्या सावली धरून ज्वारी निवडायला बसायच्या आणि एकमेकींच्या लेकरांचे मार्क काढून घ्यायच्या. परीक्षा जवळ आली की त्या मोसमाला एक वास असायचा, तापलेल्या पत्र्याचा, नव्या झेरॉक्सचा आणि भाकरीच्या पिठाचा. गावाकडं तेव्हा ज्वारीची सुगी चालू असायची. माझ्या तोंडावर वेगळीच चालू होती.

पुटकुळ्या मला दहावीतही होत्या, पण त्या पाहुण्यासारख्या यायच्या आणि जायच्या. बारावीत त्यांनी घर केलं. गालावर, कपाळावर, जबड्याच्या कडेनं, हात लावावा तिथं दुखायचं. वर्गात मी कायम भिंतीच्या बाजूला बसायची, म्हणजे निदान एक गाल भिंतीला. त्या वयात मला माझ्या तोंडाचा मनापासून राग होता. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

आणि त्यातच लातूर हे फ्लेक्सचं गाव. क्लासच्या रस्त्यानं चाललं की दोन्ही बाजूंनी मागच्या वर्षीची हुशार लेकरं तुमच्याकडं बघून हसतात. खोलीच्या दाराएवढं एकेकाचं तोंड, खाली मार्क. संध्याकाळी भाजी आणायला गेलो की आई प्रत्येक फ्लेक्सपुढं थांबायची, नाव मोठ्यानं वाचायची, गाव वाचायची, मार्क वाचायची, आणि मग एक सुस्कारा टाकून कोथिंबिरीकडं वळायची. एकदा तिनं मला कोपरानं ढोसलं. "त्या चष्म्यावाल्या पोराच्या बाजूला जागा हाय बग. तुझा फोटू तितं बसतोय."

मी वर बघितलं. एवढं मोठं तोंड म्हणजे एवढ्या मोठ्या पुटकुळ्या. एकेक शेवेच्या लाडवाएवढी होणार. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "तोंड साफ झाल्याबिगर माझा फोटू कुटंच लागणार न्हाई. मार्क कितीबी पडू दे. शप्पथ घे."

आईनं शपथ घेतली नाही. फोटो तर लागलाच पाहिजे होता, तेव्हा तिनं तोंड साफ करायचं मनावर घेतलं.

आईचं सगळं वैद्यक उष्णता या एका शब्दावर उभं होतं. अभ्यासानं डोक्यात उष्णता होते, ती उतरायला वाट शोधते आणि तोंडातून बाहेर पडते. त्यामुळं जे जे उष्ण ते ते बंद. हरभरा बंद, वांगं बंद, आंबट वरण बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेंगदाण्याची चटणी बंद. लातुरात राहून शेंगदाण्याची चटणी बंद करणं ही शिक्षा ज्यानं भोगली त्यालाच कळेल. उरलं काय, तर ताक, सब्जा, गुलकंद आणि दुधी. दुधीची भाजी, दुधीचं थालीपीठ, दुधीचा रस. चवीपुरता निकाल द्यायचा झाला तर गुलकंदाला माझा पहिला नंबर. पुटकुळ्यांना त्यातलं काहीच कळलं नाही. मी आतून गार झाले आणि त्या बाहेरून तशाच तापलेल्या राहिल्या.

आमच्या घरमालकीण काकू उदगीरच्या. लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे, राहायला वर, खाली त्यांचं किराणा दुकान आणि त्याच्या मागं आमची खोली. त्यांना आईचं वैद्यक कच्चं वाटायचं. "अक्का, पोटातून काय होतंय? वरचं दुखणं वरून जातंय," असं म्हणून त्यांनी एका रविवारी सहाण आणि जायफळ घेऊन आमच्या खोलीत ठाण मांडलं. दुधात जायफळ उगाळून त्यांनी माझ्या तोंडाला असा लेप दिला की मला पापणीही हलवता येईना. मी आग होते म्हणून ओरडले की त्या म्हणायच्या, "सुम्न कूड!" उदगीरकडं कानडी बोलण्यात पेरलेली असते, त्यांच्या तोंडी ती रागावताना यायची. सुम्न कूड म्हणजे गप बस. लेप वाळला, मी गप बसले, आणि आई दारातून बघत होती. तिच्या तोंडावर काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं, कारण काकूंचं औषध लागू पडलं तर तिची दोन महिन्यांची दुधी वाया जाणार होती.

जायफळानं नुसती आग झाली. मग काकूंनी पूजेनंतरची विभूती गालांना लावायला सुरुवात केली. "शिवाचं नाव घे आन लाव. वाळून जातेत." मी तशीच क्लासला गेले. फिजिक्सच्या सरांनी फळ्यावरून मागं वळून माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हातातल्या खडूकडं बघितलं, आणि डस्टर जरा लांब ठेवलं.

तेव्हा लातूरच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं, एरवी टँकर. टँकरच्या पाण्यानं साबणाला फेस येत नसे. लेप धुवायला तांब्याभर पाणी घेतलं की काकू वरून बघायच्या आणि आई खालून. लेप लावायला दोघी तयार, धुवायला पाणी द्यायला कुणीच नाही. एकदा मी पाऊण तोंड धुतलं आणि उरलेलं पाव तसंच घेऊन केमिस्ट्रीचा पेपर दिला.

साक्षीला हे सांगितलं तेव्हा ती हसून ओट्याला टेकली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पण आत्या, जायफळ नॅचरल असतं ना?" मी म्हटलं, बाई, गाजरगवत पण नॅचरल असतं, म्हशीचं अंग त्यानं कसं सोलून निघतं ते माझ्याबरोबर येऊन बघ.

सगळ्यात गोड निघाली ती ट्यूब. एका मैत्रिणीच्या मावसबहिणीनं लावली होती, एवढ्या ओळखीवर मी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही, आणि ट्यूब पिशवीत पडली. आठवडाभरात चमत्कार झाला. तोंड गुळगुळीत, वर गोरंही. आई मला उजेडात नेऊन हनुवटी धरून इकडून तिकडून बघायची. "लोण्यावानी झालंय," म्हणायची. त्याच आठवड्यात प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. आईनं मला स्वतः स्टुडिओत नेलं, वेणी घातली, आणि फोटोवाल्याला बजावलं, "मोठा केला तर चांगला दिसंल असा काढा." तिच्या डोक्यात चष्म्यावाल्या पोराशेजारची जागा होती. त्या फोटोत मी इतकी सुंदर आहे की माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

ट्यूब संपेपर्यंत ती गोडी टिकली. मग तोंड लाल व्हायला लागलं, उन्हात गेलं की मिरची लावल्यासारखं. ट्यूब लावली की शांत, सोडली की भडका. ओठाच्या वर बारीक लव दिसायला लागली. आई घाबरली. काकूही घाबरल्या आणि त्यांनी सहाण स्वतःहून आत ठेवली. तेव्हा कुठं आम्ही कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली, नाव वाचलं आणि आईकडं असं बघितलं की आई पदर सावरून उभीच राहिली.

"ह्यात स्टेरॉईड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून बंद. आता आधी वाढेल, मग उतरेल. हे सकाळचं, हे झोपायच्या आधीचं. मटाराच्या दाण्याएवढं घ्यायचं, सगळ्या तोंडाला पुरवायचं. उन्हात जाताना हे तिसरं लावायचं. फोडायच्या नाहीत. ते फडकं गुंडाळणं बंद." हे शेवटचं मी तोंडाभोवती गच्च आवळलेल्या स्कार्फला उद्देशून होतं.

"किती दिवसात जातील?" मी विचारलं.

"दोन-तीन महिने धीर धरावा लागेल."

आई बाहेर आल्यावर म्हणाली, "मटाराएवढं? एवढ्यानं काय व्हतंय? औषधात कंजुषी करूने." तिनं मला बोराएवढं लावलं. दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडाचे पापुद्रे निघाले, बटाटा उकडल्यावर निघतात तसे. मग ती मटारावर आली. पण सकाळच्या औषधाची एक गंमत डॉक्टरीणबाई सांगायच्या राहिल्या होत्या. ते कापडाचा रंग उडवतं. आईच्या नव्या चादरीवर, टॉवेलवर, उशीच्या जांभळ्या अभ्र्यांवर पांढरे ढग उमटायला लागले. आईचा संशय गेला काकूंच्या दुकानातल्या धुण्याच्या पावडरीवर. काकूंचा गेला टँकरच्या पाण्यावर. दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. शेवटी माझ्या युनिफॉर्मच्या कॉलरला पांढरी किनार आली तेव्हा दोघींना एकदम उमगलं, आणि दोघी मिळून मला रागावल्या.

काल मी साक्षीला हेच सांगितलं. सगळ्या औषधांत मला पटलेलं औषध सगळ्यात बेचव होतं. ते मटाराएवढं होतं, हळू होतं, आणि पहिले काही आठवडे तर ते शत्रूच्या बाजूनं लढतंय असं वाटायचं. "चल, डॉक्टरला दाखवू, त्या सांगतील ते लाव, आणि जुना टॉवेल घे." साक्षीनं विचारलं, किती दिवस? मी दोन-तीन महिने म्हटल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं, ते बघणं मला ओळखीचं होतं. मीही डॉक्टरीणबाईंकडं तसंच बघितलं होतं.

कारण परीक्षा दोन-तीन महिने थांबणार नव्हती. ती आली ऐन भडक्यात. सेंटरवर दारातल्या सरांनी हॉलतिकिटावरचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. आत गेले आणि दुसऱ्या सरांना घेऊन आले. दोघांनी मिळून बघितलं. "ही तूच का?" मी म्हटलं, "सर, मीच हाय, मधी ट्यूब लावली व्हती." मागं पोरांची रांग, ऊन, आणि मी आपलं तोंड माझंच आहे हे पटवून देतेय. शेवटी सही जुळली म्हणून आत सोडलं.

पेपर देऊन बाहेर आले तर दारात आप्पा उभे. माझे वडील. ते मुरुडहून एसटीनं आले होते, हातात ताकाची बाटली. आप्पा फार बोलत नाहीत. त्यांनी ताक दिलं, मी प्याले, मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि लांब धरून माझा फोटो काढला. घामेजलेली, लालभडक, ओठावर ताकाची मिशी. मी ओरडले, पुसून टाका म्हटलं. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि "पेपर कसा गेला?" विचारलं.

क्लासच्या फ्लेक्सवर काही मी आले नाही. तेवढे मार्क नव्हतेच. आई दोन दिवस भाजीला दुसऱ्या रस्त्यानं गेली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं, आणि तिच्याकडं बघून वाईटही वाटलं. दोन वर्षं तिनं त्या पत्र्याखाली काढली होती आणि तिचं मागणं एवढंच होतं, येणाऱ्याजाणाऱ्यानं वर मान करून तिच्या पोरीकडं बघावं. पुढं पावसाळा लागला, आणि माझा गुरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला. मुरुडला बातमी पोचली तेव्हा लोकांना जेवढा आनंद झाला तेवढा माणसांच्या डॉक्टरकीला लागला असता तरी झाला नसता. घरोघरी दावणीला काहीतरी होतंच.

आम्ही खोली सोडली, काकूंनी जाताना जायफळ बांधून दिलं, आणि आई आणि मी पोती-भांडी घेऊन मुरुडच्या स्टँडवर उतरलो. तोवर पुटकुळ्या निम्म्या तरी बसल्या होत्या. समोर बघितलं आणि माझ्या हातातली कळशी खाली पडली. स्टँडच्या कमानीशेजारी मी होते. दाराएवढी. 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली भावाच्या मित्रांची शुभेच्छुक म्हणून रांग. एकूण एक पुटकुळी जागच्या जागी होती. ताकाची मिशीही होती.

भाऊ सामान न्यायला आला होता. तो दुरूनच हात जोडून म्हणाला, "माझी चूक न्हाई. मी फॉर्मवरचा चांगला फोटू दिला व्हता. फ्लेक्सवाल्यानं अजून गोरा केला. लावला बी. आप्पा आले, बगितलं, आन म्हणाले ही कोण? म्हणलं, आपलीच हाय की. म्हणाले, आपली न्हाई. मी माझी पोरगी लातूरला धाडली व्हती, ही कुणाची आणून लावलाव? उतरा म्हणाले. खिशातून मोबाईल काढून दिला, ह्योच लावा म्हणाले. मी किती सांगायलो, ऐकनातच."

आप्पा तिथंच उभे होते, माझ्या फ्लेक्सखाली, नवं धोतर नेसून. मला रडू फुटायला आलं आणि त्यांच्याकडं बघून रडताही येईना. त्यांना त्या चित्रात काही वावगं दिसतच नव्हतं.

फ्लेक्सपुढं एक गृहस्थ आपल्या पोरीला घेऊन थांबले होते. पोरगी नववी-दहावीतली असेल, तोंड सुपारीसारखं तुकतुकीत. ते वर बोट दाखवून तिला ऐकवत होते, "बग, बग जरा. ह्याला म्हणतेत अभ्यास. तोंडावर फोड येऊस्तर वाचलंय पोरीनं. न्हाईतर तू. दिवसभर मोबाईल बगायलीस, कुटं दिसतोय का एक तरी फोड?" पोरीनं ओशाळून गाल चाचपला.

आईच्या तोंडावर जे हसू आलं ते मी लातूरला दोन वर्षांत बघितलं नव्हतं. तिनं डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं, पदर नीट केला आणि मला दंडाला धरून पुढं केलं. "हीच हाय ती. माझीच हाय."

गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं. मग फ्लेक्सकडं. मग पुन्हा माझ्याकडं, अगदी वाकून, गालाजवळ येऊन. मी गाल जरा पुढं केला. वर्षभर जे ऐकायला मी गुलकंद, जायफळ, विभूती, ट्यूब आणि मटार सगळं सोसलं होतं, ते ते आता म्हणणार होते.

"कमी झाल्यात की गं," ते म्हणाले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अभ्यास सोडलास का काय?"

मी तोंड उघडायच्या आत आई मधे पडली. "न्हाई ओ भाऊ, असं कसं! सुट्टी हाय म्हणून बसल्यात जरा. कालेज सुरू झालं की येतेत की परत. ह्याच्यापेक्षा लई येतेत."